नव्या घरात राहायला जाताय? आधी ही तपासणी करा, मगच मिस्त्रीचा हिशेब मिटवा

गळती, भेगा, पोकळ फरशी, चुकीची वायरिंग... वास्तुशांतीआधी घरच्या घरी काय बघायचं आणि कसं बघायचं, वाचा सविस्तर

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायचा म्हणून घर घाईघाईने उरकलं जातं. गिलावा पुरता वाळलेला नसतो, तोच रंग चढतो. मांडव पडतो, पै-पाहुणे जेवून जातात, टॉवेल-टोपी देऊन मिस्त्रीचा मान होतो आणि उरलेला हिशेबही त्याच दिवशी मिटतो. मग जून लागतो. मृगाचा पहिला दणका बसला की जिन्याच्या कोपऱ्यात ओल दिसते. न्हाणीतलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. पावसाळा संपता संपता खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. फोन लावला तर मिस्त्री दुसऱ्या गावात स्लॅबवर असतो. "येतो दादा चार दिवसांत," म्हणतो. ते चार दिवस काही उगवत नाहीत.

यात दर वेळी मिस्त्रीची नियत खोटी असते असं नाही. पण एकदा पैसे मिटले की त्याला परत यायला कारण उरत नाही आणि घरमालकाच्या हातात धरायला काही राहत नाही. म्हणून घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तपासणी आधी, शेवटचा हप्ता नंतर. या तपासणीला मोठा इंजिनिअरच लागतो असं नाही. निम्म्याहून जास्त चुका बादलीभर पाणी, एक नाणं आणि मोबाईलची बॅटरी एवढ्यावर सापडतात.

तपासणी एकदा नाही, दोनदा

पहिली तपासणी पुट्टी आणि रंग लागायच्या आधी. दुसरी सगळं काम संपल्यावर, चावी हातात घेताना. पहिली चुकवली तर दुसरीचा उपयोग निम्मा होतो, कारण पुट्टीखाली भेगा झाकल्या जातात आणि रंगाखाली ओल.

मुहूर्त काढतानाच मागे मोजून निदान तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. एक आठवडा तपासायला, दोन आठवडे दुरुस्तीला आणि राहिलेले दिवस वाळायला.

सोबत घ्यायचं सामान घरातलंच आहे. बादली, रुपयाचं नाणं किंवा बारीक काठी, मुलांची गोटी, मोजायचा टेप, दोरीला बांधलेलं वजन म्हणजे ओळंबा, खडू, लाईटचा टेस्टर, मोबाईलचा चार्जर आणि वही-पेन. घरातल्या बाईमाणसाला सोबत नक्की घ्यावं. ओटा, न्हाणी, धुणं-भांड्याची जागा रोज वापरणारीला जे खटकतं ते दुसऱ्याच्या नजरेला पडत नाही.

स्लॅबवर पाणी साठवून बघा

पाऊस पडेपर्यंत थांबायचं नाही. स्लॅबला महिना उलटून गेला, वरचा कोबा किंवा वॉटरप्रूफिंग झालं की पाणी बाहेर जाण्याच्या पाइपांची तोंडं प्लॅस्टिक आणि पोत्याने घट्ट बंद करायची. गरज असेल तिथे मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालायचे आणि दोन इंच पाणी साठवायचं. ते निदान २४ तास, जमलं तर ४८ तास राहू द्यायचं.

६०० चौरस फुटांच्या छतावर दोन इंच पाणी साठवायला साधारण २,८०० लिटर पाणी लागतं. टंचाईच्या गावात एवढं पाणी एकदम मिळत नसेल तर छताचे दोन-तीन भाग करून आळीपाळीने बघावं. मात्र कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात ती कड, पाइप जिथून खाली उतरतो ती जागा आणि जिन्याच्या टोपीची कड अजिबात सोडू नये. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या दिवशी खाली येऊन छताकडे बॅटरी मारून बघायचं. ओला डाग, थेंब, गडद पट्टा दिसला की भोवती खडूने गोल करून फोटो काढायचा. मग पाइपांची तोंडं उघडायची. तासाभराने वर जाऊन बघायचं, कुठे डबकं उरलंय का? उरलं असेल तर उतार चुकलाय. दहा फुटांना एक ते दीड इंच उतार पाइपाकडे हवाच. हे डबकं आज किरकोळ वाटतं, पण चार पावसाळ्यांत तेच झिरपून आतल्या सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की ती फुगते आणि खालचं प्लॅस्टर पापुद्र्यासारखं सुटून पडतं.

खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असायला हवी. पावसाचं पाणी त्या खाचेपाशी येऊन खाली टपकतं. खाच नसेल तर तेच पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत पोचतं. खिडक्यांवर बाहेरून पाच-दहा मिनिटं पाइपने पाणी मारून आत बघावं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी आलं तर सांधे नीट भरलेले नाहीत.

न्हाणी, संडास आणि नळ

न्हाणीच्या जाळीत फडकं कोंबून एक-दीड इंच पाणी भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी न्हाणीच्या भिंतीची बाहेरची बाजू आणि शेजारच्या खोलीचा खालचा कोपरा हाताने चाचपायचा. भिंत गार-ओली लागली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग कच्चं राहिलंय. हे आत्ताच उखडून करून घ्यावं. नंतर सामान लागलं, माणसं राहायला आली की कोणी हात लावत नाही.

फडकं काढल्यावर पाणी कुठे जातं ते बघा. गोटी टाकली तरी उतार कळतो. ती जाळीकडे घरंगळली पाहिजे, दाराकडे नाही. न्हाणीची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा-एक इंच तरी खाली हवी.

नळांची गळती ओळखायची सोपी युक्ती आहे. संध्याकाळी टाकी भरायची, टाकीत येणारं पाणी बंद करायचं, घरातले सगळे नळ बंद करायचे आणि टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करायची. सकाळी पातळी खाली गेलेली दिसली तर भिंतीतल्या पाइपात कुठेतरी पाणी मुरतंय. नेमकं कुठे, ते प्लंबरने एकेक वॉल्व बंद करून शोधायचं. भिंत फोडायची वेळ आली तर ती रंगाआधी फोडलेली बरी.

संडासच्या भांड्यात बादलीभर पाणी झपकन ओतायचं. पाणी वर चढलं, बुडबुडे आले, गुडगुड आवाज झाला तर पाइपाचा उतार कमी आहे किंवा आत सिमेंटचा राडा अडकलाय. बांधकामात पाइपाचं तोंड उघडं राहिलं की माल आत पडतोच. बाहेरच्या चेंबरचं झाकण काढून पाणी सरळ वाहतंय का तेही बघावं.

स्वयंपाकाच्या ओट्यावर तांब्याभर पाणी सांडायचं. ते भिंतीकडे किंवा चुलीकडे न जाता सिंककडे गेलं पाहिजे. ओट्याची उंची आधी ठरली तशीच आहे का, हे तिथे उभं राहूनच बघावं.

शोषखड्डा की सेप्टिक टाकी? दोन्हीची परीक्षा उलटी

दोन शोषखड्ड्यांच्या संडासात पाणी जमिनीत मुरायचं असतं, म्हणून खड्ड्याच्या तळाला काँक्रीट करायचं नसतं आणि बाजूच्या विटांमध्ये भोकं सोडायची असतात. अनेक ठिकाणी "पक्कं काम" म्हणून खड्डा आतून गुळगुळीत प्लॅस्टर केला जातो. असा खड्डा काही महिन्यांत भरून वाहतो. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर हवं. चेंबरमधून एका वेळी एकाच खड्ड्याची वाट उघडी हवी, दुसरी बंद.

सेप्टिक टाकीचं उलट. ती पाणी धरणारी हवी. वापर सुरू करायच्या आधी टाकी पाण्याने भरून एक दिवस ठेवायची. पातळी उतरली तर टाकी गळतेय. टाकीतून बाहेर पडणारं पाणी उघड्या गटारात किंवा शेजारच्याच्या बांधाला सोडायचं नाही, त्याला वेगळा शोषखड्डा हवा. टाकीला हवेचा उंच पाइप हवा. काहीही असलं तरी विहीर, बोअर, हातपंप यांच्यापासून दहा मीटरपेक्षा जवळ खड्डा नको. झाकणावर मोठं माणूस उभं राहिलं तरी हलता कामा नये. त्यावर पुढे लहान मुलं खेळणार आहेत.

सगळ्या भेगा सारख्या नसतात

भेग दिसली की काही जण घाबरतात, काही जण "नव्या घराला पडतातच" म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. भेग कुठे आहे आणि कशी आहे यावर सगळं अवलंबून असतं.

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक भेगा असतील तर त्या बहुधा प्लॅस्टर लवकर वाळल्याच्या, पाणी कमी मारल्याच्या. भिंतीच्या ताकदीला त्याने धक्का नाही, पण बाहेरच्या बाजूला त्या बुजवून घ्याव्यात.

वीटकाम आणि बीम किंवा कॉलम यांच्या सांध्यावर सरळ रेघेत गेलेली भेग म्हणजे तिथे प्लॅस्टरआधी जाळी मारलेली नाही. वीट आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळे फुगतात, त्यामुळे सांधा उघडतो. त्या पट्ट्यातलं प्लॅस्टर काढून जाळी मारून परत करायला लावावं. नुसता पांढरा सिमेंट भरला तर पुढच्या उन्हाळ्यात भेग तिथेच उगवते.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग, आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग, या सगळ्या पायाकडे किंवा लिंटेलकडे बोट दाखवतात. स्लॅबच्या पोटात मधोमध गेलेली भेग, कॉलमवरची उभी भेग आणि काँक्रीटवर दिसणारा गंजाचा डाग याही त्यातल्याच. इथे मिस्त्रीचं मत पुरेसं नाही. स्थापत्य इंजिनिअरला बोलवावं, त्याची फी द्यावी. घराच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

भेग वाढतेय की थांबलीय हे बघायला दोन्ही टोकांवर पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. बाजूला नाणं धरून फोटो काढायचा. महिन्याने भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर ती चालती भेग आहे. कारण सापडल्याशिवाय ती बुजवू द्यायची नाही.

कॉलम-बीमवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं, सुटी खडी किंवा उघडी सळई दिसली तर त्यावर नुसतं प्लॅस्टर करू देऊ नये. म्हणूनच सेंट्रिंग काढल्या काढल्या मोबाईलमध्ये सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवलेले चांगले.

काळ्या मातीत बांधलंय? मग जास्त जपा

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर अशा भागांत काळी कसदार माती कापसाला चांगली, पण घराच्या पायाला अवघड. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षातून एकदा घर उचललं जातं आणि एकदा खाली बसतं, असंच समजा. पाया काळ्या मातीतच थांबला असेल, खाली मुरमापर्यंत गेला नसेल, जोत्यात भराव म्हणून तीच काळी माती टाकली असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी मधोमध उचलते किंवा भिंत तडकते.

तपासताना तीन गोष्टी बघायच्या. जोत्यातला भराव मुरमाचा आहे का आणि तो पाणी मारून धुमसलाय का. घराभोवती निदान दोन-तीन फूट रुंद फरसबंदी आहे का, आणि तिचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला आहे का. छताचं आणि न्हाणीचं पाणी पायापाशीच मुरतंय की लांब नेलंय. ही तिसरी गोष्ट अगदी स्वस्तात सुधारते आणि बऱ्याच भेगा टाळते. भिंतीला चिकटून आळं करून झाडाला पाणी घालायची हौसही काळ्या मातीत महागात पडते.

भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पांढरा क्षार फुटलेला दिसला, ज्याला लोणा लागला म्हणतात, तर जमिनीतली ओल वर चढतेय. जोत्यावर ओल अडवणारा थर नीट पडलेला नाही. रंगाने हे झाकतं, पण थांबत नाही.

फरशी, दारं आणि काटकोन

फरशीवर नाण्याने किंवा काठीने टकटक करत चालायचं. भरीव जागी आवाज ठणक येतो, पोकळ जागी डबडबीत. एखादा कोपरा वाजला तर लिहून ठेवावा. अर्ध्याहून जास्त फरशी पोकळ वाजत असेल तर ती काढून परत बसवून घ्यावी, कारण त्यावर कपाट किंवा धान्याची कणगी ठेवली की ती फुटणार. फरशा खोलीभर एकाच छटेच्या आहेत का, कडा एकमेकींच्या वर-खाली आहेत का, तेही पायाने कळतं. चार-पाच जादा फरशा मागून ठेवाव्यात. पुढे तोच नमुना मिळत नाही.

दार अर्धं उघडून सोडून द्या. ते जागीच थांबलं पाहिजे. आपोआप मिटलं किंवा उघडलं तर चौकट ओळंब्यात नाही. कडी-कोयंडे, कुलूप, खिडक्यांची सरकती तावदानं प्रत्येकी दोनदा उघडून-लावून बघा. लाकडी चौकटीला बारीक भोकं किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवीचा बंदोबस्त आधी.

खोली काटकोनात आहे का बघायला मिस्त्रीचाच हिशेब वापरा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. संध्याकाळी भिंतीला चिकटून मोबाईलची बॅटरी आडवी मारली की गिलाव्याचे फुगवटे आणि खड्डे लगेच दिसतात.

लाईटचं काम: इथे चूक म्हणजे जीवाशी गाठ

चार्जर घेऊन प्रत्येक पॉइंटला लावून बघा. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये मोठं भोक वर धरलं तर उजव्या हाताच्या भोकात फेज हवा, डाव्या हाताच्या भोकात न्यूट्रल. टेस्टर फक्त उजव्या बाजूलाच लागला पाहिजे. बटण बंद केल्यावरही सॉकेटमध्ये टेस्टर लागत असेल तर वायर उलटी जोडलीय. बटण बंद आहे म्हणून माणूस हात घालतो आणि शॉक बसतो.

बोर्डावर एमसीबीसोबत शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी आहे का बघा. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. वीज चालू असताना ते दाबलं की स्विच खाली पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो असून नसल्यासारखा.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते दाखवायला सांगा. नुसती हिरवी वायर बोर्डापर्यंत आणून सोडलेली असते, ती जमिनीत पोचलेलीच नसते, असंही होतं. अर्थिंगची खरी मोजणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी, घरी प्रयोग करू नयेत. वायरची जाडीही विचारून लिहून घ्या. दिवे-पंख्यांना साधारण १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि गिझर किंवा एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर असावी.

घरावरून किंवा शेजारून महावितरणची ११ केव्हीची लाईन जात असेल तर तारेपासून वरच्या दिशेने ३.७ मीटर आणि बाजूने १.२ मीटर अंतर सुटलेलं असणं नियमाने गरजेचं आहे. वर मजला चढवायचा विचार असेल तर हे आजच मोजून घ्यावं.

जिना, कठडा आणि साप-विंचू

जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या हव्यात. एखादी जरी कमी-जास्त असली तरी अंधारात नेमकं तिथेच माणूस पडतं. गच्चीचा कठडा निदान साडेतीन फूट हवा. जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून लहान मुलाचं डोकं जाईल एवढी फट नको.

गावाकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पाइप भिंतीतून बाहेर जातात तिथली भोकं, न्हाणीचा बाहेरचा पाइप आणि दाराखालची फट यांतूनच साप, विंचू, उंदीर आत येतात. भोकं सिमेंटने बुजवून घ्यावीत, पाइपांच्या तोंडाला जाळी लावावी.

दोष लिहा, तोंडी नको

सापडलेला प्रत्येक दोष वहीत लिहायचा. खोली कोणती, जागा कोणती, दोष काय, फोटो काढला का, दुरुस्ती कधीपर्यंत. यादी झाली की मिस्त्री किंवा ठेकेदाराला बोलवून, त्याच्यासोबत फिरून प्रत्येक जागा दाखवायची. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. यादीचा फोटो त्याच दिवशी त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचा.

गावात खरी अडचण असते ती भिडेची. मिस्त्री भावकीतला, नाहीतर शेजारच्या वस्तीवरचा. रोज तोंड बघायचं असतं. म्हणून माणसं गप्प बसतात. पण नीट शब्दांत सांगितलं तर कोणी दुखावत नाही. "मिस्त्री, काम झकास झालंय, चार लोकांत तुमचंच नाव सांगणार. तेवढी न्हाणी नि जिन्याचा कोपरा बघून द्या, मग बसून हिशेब करू." एवढं पुरतं. चांगला कारागीर यादी बघून चिडत नाही, कारण गळकं घर हीच त्याची बदनामी असते.

पैसे किती अडवायचे?

हे काम सुरू करतानाच ठरवायला हवं. साध्या कागदावर का होईना, करार करावा. कामाचं मोजमाप, दर, माल कोणाचा, हप्ते कोणत्या टप्प्याला आणि शेवटचे दहा टक्के कधी. यातला निम्मा भाग यादीतले दोष दूर झाल्यावर आणि निम्मा पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचा, असं आधीच बोलून घेतलं तर नंतर तंटा होत नाही. काम संपल्यावर अचानक पैसे अडवले तर मात्र भांडण ठरलेलं. झालेल्या चांगल्या कामाचे पैसे रोखून धरणंही बरोबर नाही. दोषापुरतेच पैसे थांबवावेत. हप्ते शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो.

घरकुल असेल तर

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये केंद्राच्या निकषाने मिळतात. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं हवं. या योजनेत घर लाभार्थ्यानेच बांधून घ्यायचं असतं, सरकार ठेकेदार नेमून देत नाही. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून जिओटॅग होतं, त्यावर हप्ता सुटतो. पण तो फोटो काम कुठवर आलं हे दाखवतो, स्लॅब गळतो की नाही हे दाखवत नाही. ती तपासणी लाभार्थ्यालाच करावी लागते. शंका असेल तर पंचायत समितीतल्या घरकुलाच्या अभियंत्याला पुढच्या भेटीत ती जागा दाखवावी.

तालुक्याच्या गावी फ्लॅट घेतला असेल तर

मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला फ्लॅट घेणाऱ्यांना रेरा कायद्याचं संरक्षण आहे. २०१६ च्या या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत तो विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट आहे. त्यामुळे बुकिंगआधीच नोंदणी क्रमांक विचारावा. आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय ताबा घेऊ नये.

ऐकतच नसेल तर

स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं असेल तर तिथे रेरा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. या कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. आधी ठेकेदाराला दोषांची यादी आणि मुदत घालून लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं. तरी हालचाल नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे करार, पैसे दिल्याचा पुरावा, फोटो आणि सही केलेली यादी हेच कामाला येतं. रोजाने मजूर लावून, चिठ्ठी-चपाटीशिवाय बांधलं असेल तर ठेका होता हे सिद्ध करणंच अवघड जातं.

राहायला जाण्याआधी हे झालंच पाहिजे

वेळ कमी असेल आणि मुहूर्त हलवता येत नसेल तर निदान पाच गोष्टी मागे ठेवू नयेत. अर्थिंग आणि आरसीसीबी, स्लॅबची गळती, न्हाणी-संडासची गळती, जिन्याचा आणि गच्चीचा कठडा, सेप्टिकचं किंवा शोषखड्ड्याचं झाकण. रंगाचा ठिपका, एखादी वाजणारी फरशी, जड सरकणारी खिडकी ही कामं नंतरही होतात, फक्त यादीत आणि शिल्लक हप्त्यात ती राहायला हवीत.

मुहूर्त पुढच्या महिन्यातही मिळतो. स्लॅब मात्र एकदाच पडतो, आणि त्याखाली घरातल्या सगळ्यांना पुढची तीस-चाळीस वर्षं झोपायचं असतं. तेव्हा टॉवेल-टोपीआधी एक दिवस बादली घेऊन घरभर फिरलेलं बरं.